माळवदाचे घर आणि बायबलकाळचा संसार

बायबल हा ग्रंथ धर्मग्रंथ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्याचे वाचनही बहुधा त्याच दृष्टीने होते. परंतु राजे, संदेष्टे आणि प्रेषित यांच्या पलीकडे त्या ग्रंथात आणखी एक वस्ती नांदत आहे. तीत पहाटे जाते ओढणाऱ्या बायका आहेत, विहिरीवर घागर घेऊन गेलेल्या मुली आहेत, खळ्यावर धान्याच्या राशीशेजारी निजलेला शेतकरी आहे आणि हरवलेल्या एका मेंढरासाठी रान धुंडाळणारा धनगर आहे. या माणसांची घरे कशी होती, त्यांची जनावरे कोठे बांधलेली असत, रात्री त्यांच्या उशाशी दिवा कोणता असे, हे प्रश्न धर्मशास्त्राचे नसले तरी माणुसकीचे खचित आहेत. शिवाय या प्रश्नांची उत्तरे शोधू जाता लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील जुनी खेडी जितकी उपयोगी पडतात, तितके जाडजूड टीकाग्रंथही पडत नाहीत.

ज्या भूमीत हा संसार झाला ती भूमध्य समुद्र आणि यार्देन नदी यांच्या मध्ये पसरलेली एक चिंचोळी पट्टी होय. क्षेत्रफळाने ती मराठवाड्याच्या निम्म्याहूनही लहान भरेल. ख्रिस्तपूर्व सुमारे १२०० पासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतचा काळ डोळ्यांपुढे धरला, तर बायबलातील बहुतेक गृहजीवन त्यात येते. तेथील पाऊस हिवाळ्यात पडतो, इकडील पाऊस मृगापासून सुरू होतो. तेथे जव आणि गहू, इकडे ज्वारी आणि तूर. तेथे जैतुनाचे तेल, इकडे करडईचे. हे भेद लहान नाहीत. तरीही दोन्ही प्रदेश कोरडवाहू शेतीचे, पावसाची वाट पाहणारे आणि दगड, माती व लाकूड यांनीच घर बांधणारे. म्हणूनच १८११ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम केरी यांच्या मंडळीने नवा करार मराठीत छापला तेव्हा, किंवा पुढे पंडिता रमाबाईंचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा, जाते, खळे, सूप, जू, गव्हाण आणि मेंढवाडा या शब्दांसाठी कोणालाही नवे शब्द घडवावे लागले नाहीत. ते घराघरांत तयारच होते.

प्रथम घराचाच विचार करू. लातूर जिल्ह्यातील औसा, निलंगा या बाजूच्या किंवा नांदेडमधील कंधार, मुखेड या भागातील जुने घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही रुंद अशा दगडमातीच्या भिंती. आत लाकडी खांब व तुळया. त्यांवर आडवी लाकडे आणि फळ्या किंवा काटक्यांचा थर. आणि सर्वांच्या वर गावच्या पांढरीची माती घालून, बडवून केलेले सपाट छत. घर किती मोठे हे सांगावयाचे झाल्यास ते इतक्या खणांचे आहे असे म्हणण्याची रीत. उजेड आत यावा व धूर बाहेर जावा म्हणून छतात एक झरोका ठेवीत. त्याला साणे म्हणतात. पाऊस आला की त्यावर दगड अथवा घमेले पालथे घालावयाचे. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, थंडीत उबदार असते, आणि रात्री चांदण्यात माळवदावर अंथरूण टाकले म्हणजे सारा गाव एकाच अंगणात निजल्यासारखा वाटतो.

पॅलेस्टाईनमधील उत्खननांत जी घरे सापडली ती याच जातीची आहेत. पाया दगडाचा, भिंती दगडाच्या किंवा कच्च्या विटांच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर बोरू किंवा काटक्या आणि त्यावर दाबलेली माती. पावसानंतर छतावरून दगडी रूळ फिरवून माती पुन्हा घट्ट करीत. अशा छतावर थोड्याच दिवसांत गवत उगवते व उन्हाने लगेच करपूनही जाते. क्षणभंगुर वैभवाची उपमा द्यावयाची वेळ आली, तेव्हा तेथील स्तोत्रकाराला हेच छतावरचे गवत आठवले. माळवदाखाली राहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

हे छत तेथेही घराचा एक मजलाच होता. यरीहो नगरातील राहाब नावाच्या स्त्रीने दोन हेरांना लपविले ते छतावर वाळत घातलेल्या जवसाच्या ताटांखाली. पेत्र दुपारच्या प्रार्थनेसाठी यापो गावातील घराच्या छतावर गेला. कफर्णहूम येथे पक्षाघाताने लुळ्या झालेल्या एका माणसाला चौघे जण उचलून आणतात, दारात गर्दी असल्यामुळे छतावर चढतात आणि ते उकरून रोग्याची बाज दोरांनी आत सोडतात. ही कथा वाचून कौलारू किंवा सिमेंटच्या घरात वाढलेल्या मुलास मोठे आश्चर्य वाटते. माळवदावरील माती काढली की काटक्या लागतात, आणि साण्यातून घमेले काय, माणूससुद्धा खाली उतरू शकतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास त्यात आश्चर्य कसले? त्याच्या मनात एवढेच येईल की, आता पावसापूर्वी त्या घरधन्याला छताची डागडुजी करावी लागणार!

आता घराच्या आत जाऊ. मराठवाड्यातील जुन्या घरात ढेळज, ओसरी, स्वयंपाकाची जागा, धान्याचे बळद आणि गोठा ही सर्व एकाच भिंतीच्या आत असत. पॅलेस्टाईनच्या घरांतही खांबांच्या ओळीने जागा विभागलेली दिसते. एका बाजूची जमीन फरसबंद असून खांबांमध्ये गव्हाणी सापडतात. तेथे जनावरे बांधीत असावीत असे पुराणवस्तुसंशोधक मानतात. येशूला जन्मतः गव्हाणीत निजविले ही गोष्ट युरोपातील चित्रकारांनी गावाबाहेरच्या एका ओसाड तबेल्यात रंगविली. पण पुष्कळ अभ्यासकांच्या मते ती गव्हाण एखाद्या राहत्या घरातीलच असावी. ज्या घरात म्हशीचे पारडू थंडीच्या रात्री ओसरीवर बांधतात, त्या घराला हे मत सहज पटेल.

घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती? सोने नव्हे, तर जाते. पहाटे जात्याची घरघर ऐकू येणे हे गाव जिवंत असल्याचे चिन्ह. यिर्मया या संदेष्ट्याने उजाड होणाऱ्या देशाचे वर्णन करताना जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड नाहीसा होईल असे म्हटले आहे. राजवाडा पडेल यापेक्षाही त्याला हे अधिक भयंकर वाटले. मोशेच्या नियमशास्त्रात तर असा दंडक आहे की, कर्जासाठी कोणाचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे होय. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असल्यास सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, कारण रात्री तो काय पांघरील, हाही नियम तेथेच आढळतो. सावकारीचे पाश ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले त्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला या दोन नियमांचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाण्याचीही तीच गोष्ट. तेथे खडकात टाकी खोदून पावसाचे पाणी साठवीत, विहिरींवरून मेंढपाळांची भांडणे होत, आणि प्रवाशाच्या उंटांना न सांगता पाणी पाजणारी रिबका सून म्हणून निवडली जाई. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूर शहर जगविले गेले. त्या नगरीतील वाचकास एका घागरीवरून मुलीचे शील पारखण्यात काही विचित्र वाटणार नाही.

यानंतर जनावरांकडे वळू. बायबलकाळच्या घरात बैल, गाढव, शेळी आणि मेंढी ही चार मुख्य जनावरे. बैल नांगराला आणि मळणीला, गाढव ओझ्याला, शेळी दुधाला आणि मेंढी लोकरीला. देवापुढे बळी देणे आणि सणाला मांस खाणे हे त्या समाजात रूढ होते. तेव्हा त्यांची भूतदया आणि इकडील भूतदया एकच होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. तथापि कामाच्या जनावराविषयी त्यांनी जे नियम केले ते मननीय आहेत. सातव्या दिवशी मालकाने विसावा घ्यावयाचा, तसा तो बैलाने आणि गाढवानेही घ्यावयाचा. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपावयाचे नाहीत, कारण दोघांची चाल आणि ताकद निराळी. शत्रूचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले, तर वैर बाजूला ठेवून त्यास उठविण्यास हात लावावा. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये. ज्याच्या पायांनी दाणा निघतो त्याने त्यातले चार घास खाल्ले तर बिघडले कोठे?

मुसके म्हणजे काय हे इकडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण कोळपणीच्या वेळी उभ्या पिकात बैलाने तोंड घालू नये म्हणून ते बांधावे लागते. सातव्या दिवसाच्या विसाव्याला येथे जोड आहे ती पोळ्याची. श्रावणी अमावास्येला बैलाच्या खांद्यावर जू ठेवावयाचे नाही. त्यास न्हाऊ घालावयाचे, खांदे शेकावयाचे आणि पुरणपोळी चारावयाची. या भूमीने दोन नामांकित जातीही दिल्या आहेत. लातूर जिल्ह्यातील देवणी गावावरून देवणी जात ओळखली जाते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, शेतीस आणि दुधास सारखीच उपयोगी. नांदेड जिल्ह्यातील कंधारवरून लालकंधारी. तांबूस रंगाची, काटक आणि उन्हास न डगमगणारी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा जो बाजार भरतो तो पाहिला, म्हणजे बायबलातील कळपांच्या याद्या रूक्ष वाटेनाशा होतात.

मेंढपाळाच्या गोष्टी तर तेथील धर्मवाङ्मयाचा प्राणच होत. मेंढपाळ पुढे चालतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून मागे येतात. रात्री वाड्याच्या तोंडाशी तो स्वतः आडवा पडतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाचे पाप त्याच्या पदरी घातले तेही एका मेंढीच्या गोष्टीने. एका गरिबाची एकच कोकरी होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या वाटीतले पिई आणि त्याच्या कुशीत निजे. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच कापली. राजाला राग आला, आणि मग कळले की तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच! जनावर घरातले माणूस झाल्याशिवाय ही गोष्ट सांगताही येत नाही आणि ऐकणाऱ्याला झोंबतही नाही.

सुगीचे दिवस हे या संसाराचे शिखर. रूथ नावाची परदेशी विधवा बेथलेहेमच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून गळालेली कणसे वेचते. इकडे त्याला सरवा वेचणे म्हणतात. मोशेच्या नियमाप्रमाणे शेताच्या कडा पुऱ्या कापावयाच्या नाहीत आणि पडलेली कणसे मालकाने उचलावयाची नाहीत. ती गरिबांची, विधवांची आणि परक्यांची. मराठवाड्याच्या खळ्यावरही सुतार, लोहार, कुंभार, मातंग आणि महार यांचा वाटा राशीतून निघत असे. त्या बलुत्याच्या पद्धतीत मान सर्वांना सारखा नव्हता, आणि वाटा घेणाऱ्याला पुष्कळदा हात पसरून दूर उभे राहावे लागे, हे विसरून चालणार नाही. रूथच्या कथेचा विशेष हा की, ती परकी असूनही शेताचा धनी बवाज तिला जवळ बसवून आपल्या अन्नातला वाटा देतो.

सुगीनंतर इस्राएल लोक डहाळ्यांचे मांडव घालून सात दिवस त्यांत राहत व पूर्वजांच्या रानातील मुक्कामाची आठवण करीत. लातूर भागातील येळवस या सणाचे चित्र त्याच्याशी किती जुळते! मार्गशीर्ष अमावास्येला सारे घर शेतात जाते, कडब्याची कोप उभी राहते, तीत पांडव म्हणून दगड मांडून पूजा होते, आणि ओळखीचा असो वा नसो, वाटेने जाणाऱ्यास हाक मारून भज्जी व आंबील वाढतात. दोन्ही सणांचा उगम वेगळा आहे. एक दुसऱ्यापासून निघाला असे म्हणण्यास आधार नाही. पण वर्षातून एकदा पक्क्या घराबाहेर पडून मातीशी नाते तपासावे, ही बुद्धी दोन्हीकडे झाली.

ही सारखेपणाची यादी केवळ कल्पनेचा खेळ वाटू नये म्हणून एक ऐतिहासिक गोष्ट सांगणे इष्ट आहे. लातूरच्या पश्चिमेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात त्याचे नाव तगर असे येते. पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई. तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रेही जात, व तेथून ती पश्चिमेकडील देशांत पोहोचत. म्हणजे पौल प्रेषित भूमध्य समुद्रात गलबतावरून फिरत होता त्याच शतकात तेरच्या गाड्यांचे बैल सह्याद्री उतरत होते.

परंतु या सर्व विवेचनात एक गोष्ट अशी आहे की जी सांगितल्यावाचून माळवदाची स्तुती करणे अन्यायाचे होईल. १९९३ सालच्या ३० सप्टेंबर रोजी, गणपतिविसर्जनानंतरच्या त्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासह गाडली गेली. माणसांना मारले ते धरणीकंपापेक्षाही त्यांच्या स्वतःच्या घरांनी.

याचे कारण बांधणीत होते. जाड दिसणारी भिंत वस्तुतः एक नसे. बाहेरची एक व आतली एक अशा दोन दगडी थरांच्या मध्ये गोटे आणि माती भरलेली असे. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुधा नसत. चिखलाची जोडणी पावसाने फुगे आणि भिंत पोट काढी. छत गळू नये म्हणून दरवर्षी मृगापूर्वी मातीचा नवा थर पडे. जुना मात्र कोणी काढीत नसे. आजोबांची माती, बापाची माती, मुलाची माती असे होता होता फूटभर, दोन फूट थर साचे. ज्या हातांनी घराची काळजी घेतली त्याच हातांनी, नकळत, डोक्यावर मरण रचले. अनेक ठिकाणी भिंती कोसळूनही आतला लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला. जुन्या सुतारांची खणाची बांधणी भिंतीपेक्षा शहाणी होती हे त्यावरून कळून आले.

बायबलकाळच्या लोकांनाही हे दुःख परके नव्हते. आमोस हा संदेष्टा तकोवा गावचा मेंढपाळ होता. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच त्याचा काळ सांगितला आहे तो भूकंपापूर्वी दोन वर्षे असा. उज्जीया राजाच्या कारकिर्दीतील तो भूकंप लोकांच्या स्मरणात इतका रुतला की त्यावरून वर्षे मोजली गेली. किल्लारीच्या बाजूस आजही लग्न, जन्म, वाटणी यांचा हिशेब भूकंपाआधी आणि भूकंपानंतर असाच सांगतात.

येथेच मोशेच्या नियमशास्त्रातील एक लहानसा नियम आठवतो. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा. नाही तर कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला छतावरून पडण्याचे भय ठाऊक होते, म्हणून कठडा आला. छत अंगावर पडण्याचे भय ज्यांनी पाहिले, त्यांच्या कठड्याचे रूप निराळे: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड, चारही भिंतींना एकत्र आवळणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा, आणि छतावरील जुनी माती उतरवून भार हलका करणे. भूकंपानंतर गावोगाव हेच शिकविण्यात आले. साधने बदलली, नियम मात्र तोच राहिला, की घरात आणि घरावर वावरणाऱ्या जिवाचा जबाबदार घर बांधणाराच आहे.

भूकंपानंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० अथवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली; रस्ते सरळ झाले आणि भिंती पक्क्या झाल्या. त्या घरांनी पुष्कळांना निर्धास्त झोप दिली, हा लाभ थोडा नव्हे. पण त्या आखणीत ढेळज नव्हती, बळद नव्हते, आणि बैल कोठे बांधावा याचे उत्तर ज्याचे त्यानेच शोधावयाचे होते. पुढे ट्रॅक्टर आले, जाते कोपऱ्यात गेले, दावणी रिकाम्या होऊ लागल्या. माळवदे पाडून पत्रे आले. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवेना, तरी पुन्हा मातीचे छत घालण्याची हिंमत होईना. ज्याने एकदा ढिगारे उपसले त्याला यासाठी कोणी दोष देऊ नये.

मग जुन्या संसारातले राखावयाचे काय? दगडमातीची भिंत जशीच्या तशी राखण्यात शहाणपण नाही, कारण तिचा हिशेब एका पहाटेत चुकता झाला. राखावयाचा तो त्या घराने पाळलेला हिशेब. त्यात जाते गहाण पडत नसे, बैलाचे तोंड बांधले जात नसे, शेताची कड परक्यासाठी राही, येळवशीला वाटसरू उपाशी जात नसे आणि छताला कठडा असे. शहरातील सुशिक्षित घरांत आज गोठा नाही आणि खळेही नाही. पण घरकामास येणारी बाई आहे, दारातला पहारेकरी आहे, मचाणावर चढून भिंत रंगविणारा मजूर आहे. नवे घर बांधताना त्या मजुराच्या पायाखालची फळी घट्ट आहे की नाही हे पाहिले, तर तो प्राचीन नियम लातुरात काय आणि पुण्या-मुंबईत काय, पाळल्यासारखाच होईल.